स्पॅनिशमधलं 'केदार' इंग्रजीत कसं न्यावं?

कोयनाकाठ (सातारा)

मंडळी, नमस्कार.

मी स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतरं करते, साताऱ्यात घरूनच. सध्या हातात मुलाखती आहेत. उत्तर स्पेनमध्ये पिरिनीजच्या डोंगरांतली काही गावं धरणांसाठी उठवली गेली. तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी गावाबद्दल जे सांगितलं, ते रेकॉर्ड करून, जसंच्या तसं उतरवून माझ्याकडे आलंय. आपल्याकडे कोयनेच्या शिवसागरात जे झालं तेच तिकडे अरागॉनमध्ये झालं. मेदियानो गावात १९६९ साली पाणी चढलं. चर्चचा मनोरा आजही जलाशयातून वर आलेला दिसतो. हानोवास गावाचं तर वाचूनच पोटात तुटतं. धरणासाठी माणसं हुसकावली, शेवटचं कुटुंब १९८४ साली निघालं, आणि धरण शेवटपर्यंत झालंच नाही.

या कामात एक क्रियापद पानोपानी आडवं येतंय: केदार. उच्चार आपल्या केदारेश्वरासारखाच, जोर फक्त 'दा'वर.

ज्यांना स्पॅनिश येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 'नो केदा नादा' म्हणजे काही उरलं नाही. 'क्वांतो केदा?' म्हणजे अजून किती राहिलंय? 'केदामोस आ लास सेइस' म्हणजे सहाला भेटायचं ठरलं. 'एसे कोलोर ते केदा ब्येन' म्हणजे तो रंग तुला शोभतो. 'से केदो दोर्मीदो' म्हणजे त्याला झोप लागली. 'से केदो स्येगो' म्हणजे तो आंधळा झाला. 'दोन्दे केदा एल मोलिनो?' म्हणजे गिरणी कुठं आहे? इंग्रजीत यांना रिमेन, स्टे, बी लेफ्ट, मीट, अ‍ॅग्री, सूट, बिकम, एंड अप असे वेगवेगळे शब्द लागतात. वाक्य सुटं असलं की त्यातला योग्य शब्द सापडतो, त्याची मला काळजी नाही.

खरी अडचण पुढे आहे. बोलणारी बाई एकाच दमात हे क्रियापद पाच-सहा वेळा वापरते, आणि त्या पुन्हापुन्हा येण्यातच तिच्या सांगण्याचा सगळा जोर आहे. मुलाखतीतली वाक्यं इथे देता येत नाहीत, ती खासगी माणसांची आहेत. म्हणून त्याच घडणीचा एक उतारा मी स्वतः रचून देते:

"से फ्वेरोन तोदोस इ मे केदे. केदो ला कासा, केदो एल ओर्नो, नो केदो नाद्ये के एन्सेन्द्येरा एल ओर्नो. मि एर्माना से आब्या केदादो ब्यूदा आकेल इन्व्येर्नो. केदामोस एन के बेन्द्रिया पोर मी एन मायो, इ एन एसो केदो."

मराठीत हे जवळजवळ आपोआप येतं: सगळी गेली आणि मी राहिले. घर राहिलं, भट्टी राहिली, भट्टी पेटवणारं कुणी राहिलं नाही. बहीण त्याच हिवाळ्यात विधवा झाली होती. मे महिन्यात ती मला न्यायला येईल असं ठरलं, आणि ते तसंच राहिलं.

इंग्रजीत मात्र स्टेड, रिमेन्ड, विडोड, अ‍ॅग्रीड, आणि शेवटी 'दॅट वॉज अ‍ॅज फार अ‍ॅज इट गॉट' असे तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा बरोबर, आणि बाईचा आवाज गायब. तुम्ही काय कराल?

बेदाणा (तासगाव)

ताई, मी भाषेतला माणूस नाही, द्राक्षातला आहे. पण या शब्दाची ओळख आहे. द्राक्षांच्या पेटीत ठेवायच्या सल्फर पॅडसाठी चिलीतल्या एका पुरवठादाराशी आमचा पत्रव्यवहार चालतो. त्यांच्या प्रत्येक मेलच्या शेवटी 'केदामोस आतेन्तोस आ सुस कोमेन्तारियोस' असतंच. भाषांतराचं मशीन कधी त्याचं 'वी रिमेन अटेन्टिव्ह टु युवर कॉमेंट्स' करतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे आमच्यावर लक्ष ठेवून आहेत की काय. नंतर कळलं, 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत' एवढंच आहे.

कोयनाकाठ (सातारा)

बरोबर. आणि गंमत बघा, इंग्रजी पत्रांतही पूर्वी 'आय रिमेन, सर, युवर ओबीडियंट सर्व्हंट' असा शेवट असायचा. स्पॅनिशनं ती रीत अजून चालू ठेवली, इंग्रजीनं टाकून दिली. म्हणून धंद्याच्या मेलमध्ये 'वी लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू' हेच योग्य. तिथे शब्दाला धरून बसायचं कारण नाही.

आयर्विन_पूल (सांगली)

मशीनला घालून बघितलं का? आता बरीच सुधारणा आहे.

कोयनाकाठ (सातारा)

बघितलं. सुट्या वाक्यांत चांगलं येतं, कधी कधी माझ्याइतकंच. पण त्याला प्रत्येक वाक्य बरोबर करायचं असतं. एका ठिकाणी स्टेड, दुसरीकडे रिमेन्ड, तिसरीकडे वॉज लेफ्ट. एकच शब्द फिरून फिरून येतोय आणि तो मुद्दाम येतोय, हे त्याच्या लेखी कुठेच नसतं.

मेणवली (वाई)

धागा आवडला. जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचं मूळ. केदार आला लॅटिन 'क्विएतारे'पासून: शांत करणे, स्थिर करणे. इंग्रजी 'क्वाएट' त्याच घरातला. स्पॅनिशमध्ये 'केदो' म्हणजे हळू, दबक्या आवाजात. संचारबंदीला तिकडे 'तोके दे केदा' म्हणतात, कारण पूर्वी रात्री घंटा वाजवून लोकांना घरात बसायची खूण करत. म्हणजे हालचाल थांबल्यावर जे होतं, ते केदार. आता तुमचे सगळे अर्थ याच्यावर लावून बघा. माणसं निघून गेली, हालचाल थांबली, जे जागेवर आहे ते केदा. बोलणी थांबली, जे ठरलं ते केदामोस. कपडा अंगावर घालून आरशासमोर थांबलात, जसा दिसतो तसा केदा. आजारपण संपलं आणि माणूस ज्या अवस्थेत सापडला, त्या अवस्थेत केदो. मुळात अर्थ एकच, आपण मात्र तो जागोजागी वेगळा भाषांतरित करतो.

दुसरी गोष्ट कामाची आहे. शब्दकोशात केदारसमोरचे अर्थ वाचून हाती फार लागत नाही. क्रियापदाच्या पाठोपाठ काय येतं ते बघायचं. पुढे विशेषण आलं की अवस्था: 'से केदो सोर्दो', बहिरा झाला. पुढे 'सिन' (शिवाय) आलं की संपलं: 'नोस केदामोस सिन लुस', आमची वीज गेली. पुढे 'एन' आणि ठराव आला की ठरलं. पुढे 'पोर' आणि क्रिया आली की करायचं राहिलंय. हे शेवटचं तर मराठीत जसंच्या तसं बसतं: 'केदा पोर पागार', द्यायचं राहिलंय. इंग्रजीला तिथे 'यट टु बी पेड' असा वळसा घ्यावा लागतो.

आणि 'से'कडे, म्हणजे 'स्वतः' दाखवणाऱ्या त्या छोट्या शब्दाकडे, फार लक्ष द्या. 'मी'साठी त्याचंच 'मे' होतं. 'केदार कोन' आणि माणसाचं नाव आलं तर भेटायचं ठरवणं. त्याच्यात 'से' घातला आणि पुढे वस्तू आली, 'केदार्से कोन', तर ती वस्तू स्वतःकडे ठेवून घेणं. एका अक्षरानं अर्थ कुठल्या कुठे जातो.

या कामाला मारिया मोलिनेर यांचा वापरकोश जवळ ठेवा. व्यवसायानं ग्रंथपाल असलेल्या या बाईंनी वर्षानुवर्षं घरी बसून एकटीनं तो कोश रचला, १९६६-६७ साली प्रसिद्ध झाला. शब्द वाक्यात कसा वागतो हे दाखवायचं, हा त्यांचा ध्यास होता. केदारसारख्या क्रियापदाला नेमकं तेच लागतं. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८३१चा, आणि १८५७ची सुधारित आवृत्ती. त्यात 'राहणें' उघडून बघा आणि मग केदारशी ताडून पाहा. एक संध्याकाळ चांगली जाईल.

वारणाबाई (शिराळा)

मला स्पॅनिश येत नाही, तरी लिहायला हात शिवशिवतायत.

आमचं गाव चांदोली धरणात गेलं. माझा जन्म पुनर्वसनातल्या गावातला, पण आज्जीच्या तोंडून सगळं ऐकलेलं. ती म्हणायची, "समदी उठली, आमी राह्यलो." मी लहानपणी समजायचे की हे लोक मागं अडकले. मोठं झाल्यावर कळलं की आजोबा हटून बसले होते, हलायचं नाही म्हणून. पण आज्जीच्या 'राह्यलो'त दोन्ही आहे. अडकणं पण आणि हटणं पण. ती एकदाही 'आमी थांबलो' म्हणाली नाही. 'थांबलो' म्हटलं की कुणाची तरी वाट बघितल्यासारखं होतं.

ताई, तुमच्या बाईंचं 'मे केदे' तसंच असेल असं वाटतंय.

कोयनाकाठ (सातारा)

वारणाबाई, तुम्ही नेमक्या जागेवर बोट ठेवलंत. माझी सगळी ओढाताण तिथेच आहे.

'मे केदे'चं इंग्रजी 'आय स्टेड' केलं तर तिनं ठरवलं, ती राहिली. 'आय वॉज लेफ्ट' केलं तर तिला टाकून गेले. स्पॅनिशला यातलं काही ठरवावं लागत नाही, तुमच्या आज्जींनाही लागलं नाही. इंग्रजी मात्र दारातच विचारते, स्वतःहून की दुसऱ्यामुळे? आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. विस्थापितांच्या मुलाखतीत हा फरक लहान नाही. ती बाई लढली की मागे पडली, हेच त्यावर ठरतं, आणि वाचणारा माझ्या एका शब्दावरून तिच्याबद्दल मत करून घेणार.

हरभट_रोड (सांगली)

मी बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त. स्पॅनिश जुजबी. पण इंग्रजीच्या बाजूनं एक सुचवतो. तुम्ही इंग्रजीला जरा लवकर गरीब ठरवताय.

इंग्रजीत 'लेफ्ट' हा शब्द आहे ना. काय काय करतो बघा. 'नथिंग इज लेफ्ट', काही उरलं नाही. 'शी वॉज लेफ्ट अ विडो', ती विधवा राहिली. 'लेफ्ट विदाउट', शिवाय राहिला. आणि रोजच्या बोलण्यातली एक ठेवण अशी: दोघांनी काही ठरवून विषय थांबवला की इंग्रज माणूस म्हणतो, 'वी लेफ्ट इट दॅट शी वुड कम इन मे.' म्हणजे तुमचं 'केदामोस एन के' अगदी तंतोतंत. आता तुमचा उतारा:

"दे ऑल लेफ्ट, अँड आय वॉज लेफ्ट. द हाउस वॉज लेफ्ट, द अव्हन वॉज लेफ्ट, अँड नो वन लेफ्ट टु लाइट इट. दॅट विंटर हॅड लेफ्ट माय सिस्टर अ विडो. वी लेफ्ट इट दॅट शी वुड कम फॉर मी इन मे, अँड दॅट इज हाउ इट वॉज लेफ्ट."

एकही ठिगळ नाही. पुनरुक्ती सगळी परत आली, उलट एखादी जास्तच.

बेदाणा (तासगाव)

सर, मोठ्यानं वाचून बघितलं. अंगावर आलं.

मेणवली (वाई)

सर, मीही मोठ्यानं वाचलं आणि ऐकायला फार देखणं आहे. तरी मला ते मान्य नाही, आणि का ते सांगतो.

'लेफ्ट' हे जाणाऱ्याच्या बाजूचं क्रियापद आहे. कुणीतरी निघतो, त्याच्या निघण्यानं बाकीचं मागे पडतं. 'द हाउस वॉज लेफ्ट' म्हटलं की डोळ्यासमोर दार ओढून घेणारा माणूस येतो. 'केदो ला कासा'मध्ये तो माणूसच नाही. तिथे घर कर्ता आहे. घर स्वतः राहिलंय. राहणाऱ्याच्या बाजूनं बघणारं क्रियापद काढून निघणाऱ्याच्या बाजूनं बघणारं ठेवलं, तर सूर जुळेल पण बाई उलट्या तोंडानं उभी राहील. सबंध मुलाखतीत ती आत उभी राहून बोलते आहे आणि तुमचं इंग्रजी तिला गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरून बघतंय.

शिवाय 'दे लेफ्ट' आणि 'आय वॉज लेफ्ट' हा खेळ इंग्रजीनं आयता दिलेला आहे. मूळ बाईनं तो केलेला नाही. जाणाऱ्यांसाठी तिनं 'फ्वेरोन' हा अगदी वेगळा, साधा शब्द वापरलाय. जाणारे आणि राहणारे यांच्यात तिला धागा नकोय, तुटणं हवंय.

हरभट_रोड (सांगली)

पहिल्या शब्दापुरतं मान्य. 'दे ऑल वेंट' करा, तुटणं परत येईल. पण घराबद्दल मी हटणार नाही. 'द हाउस रिमेन्ड, द अव्हन रिमेन्ड' असं केलंत तर एखाद्या अहवालातलं वाक्य वाटेल. 'रिमेन्ड' हा शब्द इंग्रजीत कोट घालून येतो. खेड्यातली म्हातारी बाई भट्टीबद्दल बोलताना 'रिमेन्ड' म्हणणार नाही. ती 'देअर वॉज द हाउस स्टिल' म्हणेल, किंवा 'लेफ्ट' म्हणेल. बाजू कुठली हा सूक्ष्म मुद्दा आहे, मी नाकारत नाही. पण आवाजाची पट्टी चुकली तर वाचक बाजूपर्यंत पोचतच नाही.

आयर्विन_पूल (सांगली)

हे वाचून कळलं की मी किती सहज मशीनला घाला म्हणालो. दोघांचंही पटतंय, मग करायचं काय?

वॉर्ड_नंबर_चार (मिरज)

मध्येच येते, क्षमस्व. मी नर्सिंगमध्ये आहे. मिरजेत सांगली-कोल्हापूरकडचे, कर्नाटकातले पेशंट असतात. बाळंतपणाच्या वॉर्डात खेड्यातल्या बायका 'दिवस राहिले' म्हणतात, 'दिवस गेले' पण म्हणतात. दोन्हीचा अर्थ एकच! गेले आणि राहिले, दोन्ही म्हणजे पोटुशी. स्पॅनिशमध्ये असं काही आहे का, म्हणून उत्सुकता.

कोयनाकाठ (सातारा)

आहे, आणि राहण्याच्या बाजूनंच आहे. 'से केदो एंबारासादा', तिला दिवस राहिले. या 'एंबारासादा'ला इंग्रजी 'एम्बॅरॅस्ड' समजून अनेक विद्यार्थी फसतात. त्याचा लाजण्याशी काही संबंध नाही. फरक एवढा की मराठीत दिवस किंवा गर्भ राहतो आणि बाईला 'तिला' अशी बाजूला बसवलेली असते. स्पॅनिशमध्ये बाई स्वतः कर्ता असते. इंग्रजीत 'गॉट प्रेग्नंट' किंवा जुन्या वळणानं 'फेल प्रेग्नंट' होतं. मिळालं नाहीतर पडली, राहिलं असं कुठेच नाही.

'गेले' आणि 'राहिले' या जोडीवर मी कधी विचार केला नव्हता. छान दिलंत.

मेणवली (वाई)

वॉर्डातल्या ताईंच्या उदाहरणावरून एक इशारा देतो. 'राहणे' आपल्याला केदारच्या फार जवळ नेतं, म्हणून सगळीकडे त्याच्यावर भिस्त ठेवू नये. 'मी साताऱ्यात राहते' यात केदार येत नाही, तिथे 'बिबीर'. 'बोलत राहा' यातही नाही, तिथे 'सेगीर'. 'राहू दे' हे 'देहार'कडे जातं. 'राहवेना' आणि 'राहून राहून' तर आपल्या घरचेच, तिकडे त्यांना जोडीदार नाही. उलट रंग शोभणं, सहाला भेटायचं ठरणं, गिरणी कुठं आहे, हे केदारचे अर्थ 'राहणे'त नाहीत. अर्धी वाट दोघं बरोबर चालतात.

आणि अवघड जागा 'केदार्से कोन'ची. 'मे केदे कोन ला यावे', किल्ली मी ठेवून घेतली. मराठीत 'किल्ली माझ्याकडे राहिली' म्हटलं की चुकून राहिल्यासारखं वाटतं. मराठी कान तिथे भाषांतरकाराला फसवू शकतो. स्पॅनिशमध्ये ती किल्ली हातात घट्ट आहे.

कोयनाकाठ (सातारा)

मेणवलीकर, किल्लीचं वाक्य माझ्या मुलाखतींत खरोखरच आहे, वेगळ्या शब्दांत. तिथे 'आय केप्ट द की' एवढंच ठेवलंय. 'केप्ट'मध्ये हात आहे.

दोन्ही बाजू वाचून मी पुन्हा मूळ रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं, आणि 'स्टेड' की 'लेफ्ट' याचा निवाडा करायला काही खुणा सापडल्या. त्या इथे ठेवते, कुणाला उपयोग झाला तर बरं.

पहिली खूण पुढच्या शब्दात असते. 'मे केदे सोला', पुढे 'एकटी' हे विशेषण, म्हणजे तिच्यावर येऊन पडलेली अवस्था. तिथे 'आय वॉज लेफ्ट अलोन' निःशंक. 'मे केदे एन कासा', पुढे जागा, तिथे 'स्टेड'. 'मे केदे आ क्विदार आ मि माद्रे', पुढे हेतू, आईला सांभाळायला. तिथे 'स्टेड' सोडून दुसरं काही चालणारच नाही, कारण हेतू आला की ठरवणं आलं.

दुसरी खूण सर्वनामात. स्पॅनिशमध्ये 'यो', म्हणजे 'मी', बहुतेक वेळा गाळतात, क्रियापदाच्या रूपातूनच मी-तू कळतं. म्हणून जिथे बाई 'यो मे केदे' म्हणते तिथे त्या 'यो'ला वजन आहे: ते गेले, मी मात्र राहिले. एवढ्यावरून तिनं ठरवलंच होतं असं सिद्ध होत नाही, पण ती स्वतःला त्यांच्यापासून वेगळी काढतेय हे नक्की. तिथे कर्मणी 'वॉज लेफ्ट' करून मी तिला वाक्याच्या मागच्या बाकावर कसं बसवू?

तिसरी खूण फक्त कानाला कळते. उतरवलेल्या मजकुरात 'मे केदे' दोन ठिकाणी अगदी सारखं दिसतं. एका ठिकाणी ती आधी श्वास घेते, मग 'मे केदे' म्हणून थांबते आणि पुढचं वाक्य नव्यानं सुरू करते. दुसरीकडे ते शब्द पुढच्या 'सिन नादा'ला, म्हणजे 'काहीही नसताना'ला, चिकटून घाईघाईनं जातात. पहिलं 'आय स्टेड', पूर्णविराम. दुसरं 'लेफ्ट विथ नथिंग'. नुसत्या कागदावरून हे कुणालाच ओळखता आलं नसतं.

माझ्या रचलेल्या उताऱ्याला हे लावून, सरांचा 'लेफ्ट' आणि मेणवलीकरांची 'बाजू' दोन्ही सांभाळून, सध्या इथपर्यंत आलेय:

"दे ऑल वेंट, अँड आय स्टेड. द हाउस स्टेड, द अव्हन स्टेड, अँड देअर वॉज नो वन लेफ्ट टु लाइट द अव्हन. माय सिस्टर हॅड बीन लेफ्ट अ विडो दॅट विंटर. वी लेफ्ट इट दॅट शी वुड कम फॉर मी इन मे, अँड दॅट इज हाउ इट वॉज लेफ्ट."

घराला आणि भट्टीला 'स्टेड' दिलाय. घर 'स्टे' करत नाही हे मला माहीत आहे. पण बाईच्या लगेच मागून आलं की घर आणि भट्टी तिच्या बरोबरीनं कर्ते होतात, आणि ती आत उभी राहूनच बोलते. मग 'लेफ्ट' सुरू होतो, तोही माणसं नसल्याच्या वाक्यापासून. म्हणजे एका शब्दाऐवजी दोन शब्द, पण ते विखुरलेले नाहीत. पहिला जिथे संपतो तिथे दुसरा धरतो.

हरभट_रोड (सांगली)

'द हाउस स्टेड' वर मी आधी अडखळलो, मग सोडून दिलं. बाईच्या तोंडी शोभतंय. इंग्रजी संपादक तिथे लाल रेघ मारील, तयारी ठेवा. मारली तर त्याला मूळ वाक्य दाखवा आणि घर कर्ता आहे हे सांगा. 'बीन लेफ्ट अ विडो' उत्तम. 'वी लेफ्ट इट दॅट'साठी काही अमेरिकी वाचक थबकतील, ब्रिटिश कानाला ते जास्त ओळखीचं आहे. वाचक कुठले आहेत?

कोयनाकाठ (सातारा)

दोन्हीकडचे असणार. तरी ठेवते. संदर्भ इतका स्पष्ट आहे की अर्थ लागतोच. संपादकांसाठी वेगळा कागद करतेय, त्यात केदार कुठे कुठे आलाय आणि कुठे काय केलं, का केलं, एवढं लिहून देईन. वाचकासाठी तळटीप नको वाटते. बाई बोलत असताना मध्येच भाषांतरकाराचं तोंड दिसू नये.

मेणवली (वाई)

'द हाउस स्टेड' मला मान्य आहे, मनापासून. 'लेफ्ट'बद्दलचा माझा आक्षेप शेवटच्या ओळीला अजूनही थोडा आहे. 'इ एन एसो केदो' मध्ये बोलणं जागच्या जागी थिजलंय; 'हाउ इट वॉज लेफ्ट'मध्ये कुणीतरी ते तसं सोडलंय. 'अँड देअर इट स्टेड' का नाही? पहिल्या ओळीतला 'स्टेड' परत येईल.

कोयनाकाठ (सातारा)

'अँड देअर इट स्टेड' घेतलं. आधीचा 'लेफ्ट इट' ठरावापुरता, आणि ठराव जिथे अडकला तिथे 'स्टेड'. बहीण आली नाही हे कुणावर ठपका न ठेवता सांगितलं जातं, जसं मुळात आहे. धन्यवाद.

वारणाबाई (शिराळा)

एक विचारू? आज्जी आता थकलीय, पण बोलते. तिचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायचं मनात फार दिवस आहे. हा धागा वाचून उचल खाल्ली. उतरवून काढताना काय जपावं? ती 'राह्यलो', 'समदी', 'हितं' असंच बोलते. भाऊ म्हणतो नीट मराठीत लिही, नाहीतर लोक हसतील.

कोयनाकाठ (सातारा)

वारणाबाई, थांबू नका, या आठवड्यातच सुरू करा. आणि आज्जी बोलतात तसंच लिहा, एक अक्षर सुधारू नका. 'राह्यलो'चं 'थांबलो' किंवा 'मागे राहिलो' केलंत तर तुम्हीच वर लिहिलेलं ते अडकणं आणि हटणं एकत्र राहणार नाही.

कामाचं सांगते. मोबाईल त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवा. हातात धरलात तर बोटांची खरखर येते. पंखा बंद. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण बोलतंय हे तुमच्या आवाजात सांगा. एका बैठकीत फार वेळ नको, थकल्या की दुसऱ्या दिवशी. उतरवताना दर मिनिटाला वेळ लिहीत जा, म्हणजे नंतर शंका आली की तीच जागा ऐकता येते. जिथे त्या थांबल्या तिथे 'थांबल्या' लिहा, अंदाजानं वाक्य जोडू नका. एखादं गावचं, वावराचं, ओढ्याचं नाव कळलं नाही तर लगेच विचारा, पुढं सांगणारं कुणी नसतं. ध्वनिफिती दोन ठिकाणी साठवा, एक घराबाहेर. आणि आज्जींना आधी विचारा की हे कुणाकुणाला ऐकवलं तर चालेल.

उतरवलेलं पहिलं पान झालं की इथे नको, मला निरोपातून पाठवा. मी बघून देते.

वॉर्ड_नंबर_चार (मिरज)

वारणाबाई, आज्जींना ऐकायला कमी येत असेल तर समोर बसून विचारा, ओठ दिसले पाहिजेत. आणि सकाळची वेळ धरा, चहा झाल्यावर. त्या वयात दुपारनंतर आवाज खोल जातो.

वारणाबाई (शिराळा)

सकाळीच बसते. परवा सुट्टी आहे.